आधी खांदा, मग झूल

यवतमाळ जिल्ह्यातून एका ताईंचं सहा पानांचं पत्र आलं आहे. वय ३६. चार वर्षांपासून त्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या धान्य संकलन केंद्रावर व्यवस्थापक आहेत. काटेवाला, ओलावा तपासणारा मुलगा, ग्रेडिंग मशीन चालवणारा, हिशेब ठेवणारी मुलगी, माल निवडणाऱ्या पाच बाया आणि हंगामात हमालांची टोळी, एवढी माणसं त्यांच्या हाताखाली. मागच्या हंगामात ऐन काढणीत पाऊस लागला आणि सोयाबीन ओलं येऊ लागलं. केंद्राचा नियम १२ टक्के ओलाव्याचा. ताईंनी तोंडी सांगितलं, "पंधरापर्यंत घेत चला." पुढे तेल कारखान्यानं एक अख्खी गाडी परत पाठवली. कंपनीला सव्वा लाखाचा फटका बसला. संचालकांच्या बैठकीत "ओला माल घेतला कोणी?" असा प्रश्न निघाला, कोणीतरी ओलावा तपासणाऱ्या मुलाचं नाव घेतलं आणि ताई गप्प राहिल्या. दोन महिने त्याच्या पगारातून अडीच-अडीच हजार कापले गेले. तेव्हापासून केंद्रावर सगळे सांगितलं तेवढंच करतात, आपणहून कोणी बोलत नाही. आता ताईंच्या मनात आहे की २६ जानेवारीला सगळ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा आणि 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून पहिला मान त्या मुलाला द्यावा. त्या विचारतात: यानं माणसं पुन्हा जवळ येतील का? चूक बोलून दाखवायची खरंच गरज आहे का? घरून यजमान सांगतात, "झालं गेलं उकरू नको. बाईमाणूस आहेस, एकदा चूक कबूल केली की डोक्यावर बसतील."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, सत्कार कसा करावा हे विचारणारं पत्र आहे. शाली कुठून घ्याव्यात, तहसीलदारांना बोलवावं की तालुका कृषी अधिकाऱ्यांना, प्रमाणपत्रावर काय छापावं, यात जवळजवळ पाच पानं गेली आहेत. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ दिसली, तीही कंसात: "(तसं घ्या म्हणून मीच सांगितलं होतं.)" मला वाटतं, पत्र लिहायला तुम्ही बसलात ते त्या कंसासाठी. म्हणून मी आधी कंसाचं उत्तर देते. शालींकडे नंतर येऊ.

२६ जानेवारीचा कार्यक्रम तुम्ही छान रंगवला आहे. तो जरा त्या मुलाच्या जागेवरून पाहा. झेंडावंदन झालं, खुर्च्या मांडल्या, माइकवर त्याचं नाव पुकारलं. ज्या अध्यक्षांनी त्याचा पगार कापायला लावला तेच त्याच्या खांद्यावर शाल घालतात. टाळ्या वाजवणाऱ्या हमालांना ठाऊक आहे की ओला माल कोणाच्या सांगण्यावरून घेतला. काटेवाल्याला ठाऊक आहे. निवडणाऱ्या बायांना तर त्याच दिवशी कळलं असणार, यार्डातली बातमी गाडीच्या आधी नाक्यावर पोचते. ज्यांना ठाऊक नाही ते संचालक तेवढे पहिल्या रांगेत बसलेत. आणि हा पोरगा शाल पांघरून फोटोसाठी हसतोय. म्हणजे तुमच्या गप्प राहण्यावर त्यानंही सगळ्यांसमोर सही करायची. सत्कार म्हणून तुम्ही त्याला जे देऊ पाहताय, ते त्याच्या अंगावर टाकलेलं आणखी एक ओझं होईल. मी त्याच्या जागी असते तर त्या दिवशी ताप आला असं सांगून घरी राहिले असते.

"तो काही बोलला नाही" हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. एका ठिकाणी तुम्ही त्याचा अर्थ मनाचा मोठेपणा असा लावलाय, दुसऱ्या ठिकाणी मनात अढी धरली असा. आणखी एक साधा अर्थ मला दिसतो. घरापासून सायकलच्या अंतरावर महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल अशी नोकरी त्या पंचक्रोशीत दुसरी नाही. बोलून जाणार कुठे, नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यांत नाहीतर पुण्याला. घरी आईबाप, तीन एकर कोरडवाहू. अशा माणसाचं गप्प बसणं हे त्याच्या स्वभावावरून ओळखू नये, त्याच्या सोयीवरून ओळखावं.

शिवाय तो अगदीच गप्प आहे असंही नाही. तुम्हीच लिहिलंय की आता १२ च्या वर एक आकडा गेला तरी तो रजिस्टर घेऊन तुमच्या टेबलाशी येतो आणि "मॅडम, सही" एवढंच म्हणतो. तुम्हाला ते टोचून बोलल्यासारखं वाटतं. मला त्यात पोळलेला माणूस दिसतो, ताक फुंकून पिणारा. पूर्वी हाच मुलगा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून सांगायचा, "मॅडम, हे पोतं आतून गरम लागून रायलं, नका घेऊ." हे वाक्य तुम्हाला आठवतं आणि तुम्ही ते पत्रात लिहिलंत, यावरून तुमचं नेमकं काय हरवलंय ते तुम्हाला माहीत आहे.

कारण मशीन फक्त तिच्यात टाकलेल्या मूठभर दाण्यांचा ओलावा सांगते. ओलं सोयाबीन थप्पीत बसलं की मधून तापतं, बुरशी धरते, वास मारतो, दाणा काळवंडतो, आणि ते बाहेर दिसेपर्यंत दहा पोती हातची गेलेली असतात. थप्पीच्या पोटात काय चाललंय ते हात घालणाऱ्या माणसाला आधी कळतं. तो सांगायचा थांबला की पुढची गाडी परत येणं फक्त दिवसांचा प्रश्न असतो. त्या बैठकीत गप्प राहून तुमचं झालेलं खरं नुकसान हे आहे. सव्वा लाख त्यापुढे कमी.

आता तुमच्या बाजूनंही बोलते, कारण पत्रात तुम्ही स्वतःला जरा जास्तच झोडपलंय, फक्त चुकीच्या जागी. १५ टक्क्यांपर्यंत माल घ्या म्हणणं हा काही वेडेपणा नव्हता. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबला तेव्हा केंद्र सरकारनंही हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली होती. दारात ट्रॅक्टर उभा, वर ढग, माणूस ओळखीचा, त्याचं रब्बीचं बियाणं त्या पैशावर अडलेलं. अशा वेळी परत जा म्हणायला छाती लागते. तुमचा निर्णय दयेतून आला हे मला पटतं. पण घेतलेला माल वेगळा ठेवा, ताडपत्रीवर पसरा, वाळल्याशिवाय भरू नका, हे सांगायचं राहिलं, आणि तोंडी आदेशाची कुठे नोंदही झाली नाही. दया तुमच्या नावावर जमा झाली आणि नुकसान त्याच्या नावावर पडलं. निर्णय चुकला, ते मी समजू शकते. बैठकीतली ती दोन मिनिटं वेगळी होती. तिथे ढग नव्हते, ट्रॅक्टर नव्हता.

यजमान म्हणतात, डोक्यावर बसतील. त्यांच्या काळजीचा आदर ठेवून विचारते, कोण बसणार? केंद्रावरच्या माणसांना तर सगळं माहीतच आहे. त्यांच्यापासून लपवलेलं काही नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. उलट तुम्ही कधी बोलता, याचीच ते वाट पाहत असतील, किंवा आता वाट पाहणं सोडूनही दिलं असेल. बाईमाणसाची चूक दुप्पट मोजली जाते हे मात्र मी नाकारणार नाही. मी स्वतः ते भोगलंय. पण बाईमाणसाचं खोटंही दुप्पटच मोजलं जातं, हे यजमानांना जरूर सांगा.

आपल्या भागातल्या माणसानं हे कोणाकडून शिकावं असं विचाराल तर वर्धा फार लांब नाही. १९१९ मध्ये नडियादला गांधीजींनी आपल्या चुकीला हिमालयाएवढी चूक म्हटलं. लोकांनी त्यांची थट्टाही केली. पुढे १९३६ मध्ये तेच गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले, तेव्हा त्यांचा सल्ला घ्यायला देशभरातून माणसं त्या चिखलाच्या रस्त्यानं येत होती. डोक्यावर कोणी बसलं नाही. अर्थात तुम्ही-मी गांधी नाही, आणि आपली चूक हिमालयाएवढीही नाही. एका गाडीएवढी आहे.

खरी भीती संचालकांची आहे, आणि ती खोटी नाही. पत्रात घराच्या कर्जाचा उल्लेख आहे. मला पेन्शन सुरू आहे, मला इथे बसून धीर द्यायला काय जातं. तरी एक बाजू मांडते. शेतकरी उत्पादक कंपनी ही कोणा शेटची पेढी नसते. कायद्यानं तिचे मालक सभासद शेतकरी, आणि त्यांनी निवडलेले पाच ते पंधरा संचालक. बुडालेला सव्वा लाख त्यांचा. तो का बुडाला हे समजणं त्यांचा हक्क आहे, आणि आज त्यांच्याजवळ असलेलं उत्तर चुकीचं आहे. चुकीच्या उत्तरावर त्यांनी उपायही चुकीचा केला. एका मुलाला शिक्षा झाली आणि केंद्राची पद्धत होती तशीच राहिली.

त्या शिक्षेबद्दल जरा कायद्याचं बोलते, कारण हे बऱ्याच केंद्रांवर, जिनिंगमध्ये, दुकानांत सर्रास चालतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नुकसान झालं म्हणून पगारातून पैसे कापायचे असतील तर ते नुकसान त्या माणसाच्याच हयगयीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तुमच्या बैठकीत त्या मुलाला आत बोलावलं होतं का? पत्रावरून तरी तो बाहेर चहाचे कप धुत होता असं दिसतं. म्हणजे तुम्ही नुसतं सत्य सांगायला जात नाही आहात. कंपनीच्या हातून एक बेकायदा गोष्ट झाली आहे ती दुरुस्त करून घ्यायला जात आहात. अध्यक्षांशी बोलताना हा मुद्दा हाताशी असू द्या. मात्र त्याच्या आड उभं राहू नका.

मग करायचं काय? पहिला मोह होईल तो पाकिटाचा. पाच हजार एका पाकिटात घालून गुपचूप त्याच्या हातात द्यायचे, म्हणजे कोणाला काही कळायला नको. तसं करू नका. पाकीट दिलं की तो तुमच्या उपकाराखाली येतो आणि रजिस्टरात दोषी राहतो तो राहतोच. पैसे कंपनीच्या खात्यातून, ठरावानं, पगाराबरोबर परत गेले पाहिजेत, 'कपात परत' अशी नोंद होऊन. संचालक म्हणाले की हे तुमच्या पगारातून वळते करू, तर वाद घालू नका. पण तेही लेखी असू द्या, आणि तुमचंही म्हणणं नोंदवून घ्यायला लावा. जो नियम त्याच्यासाठी मागताय तो तुम्हालाही लागू आहे.

दुसरा मोह त्याच्या घरी जायचा. आपल्याकडे कोणी घरी आलं की आई चहा टाकते, बाप खाट पुढे करतो, आणि दारात आलेल्या माणसाला "जाऊ द्या नं मॅडम, होते असं" म्हणण्यावाचून घरच्यांना पर्याय नसतो. ती माफी तुम्ही चहासोबत वसूल केल्यासारखी होईल. त्यापेक्षा केंद्रावरच, संध्याकाळी काटा बंद झाल्यावर, त्याला बाजूला बोलवा आणि तुम्ही काय करणार आहात तेवढं सांगा. "बैठकीत मी अध्यक्षांना सांगणार आहे की माल मी घ्यायला लावला." माफ कर म्हणू नका. त्यानं माफ करावं की नाही, कधी करावं, की कधीच करू नये, हा त्याचा प्रश्न. त्याला उत्तर द्यायची घाई होईल असं काही विचारू नका. बैठकीआधी अध्यक्षांना फोनवर कल्पना द्या. भर सभेत त्यांना तोंडावर पाडलंत तर ते मुद्दा सोडून तुमच्या उद्धटपणावर बोलत बसतील. तेही बरोबरच आहे म्हणा.

बोलताना भाषेकडे लक्ष ठेवा. आपल्या मराठीत चूक कर्त्याशिवाय होऊ शकते. "कपात झाली." "नाव निघालं." "गैरसमज झाला." "माल घेतला गेला." ही सगळी वाक्यं तुमच्या पत्रातली आहेत. जणू बाभळीच्या शेंगा आपोआप पडाव्यात तसं सगळं पडत गेलं. "आपल्याकडून चूक झाली" हे तर त्याहून अवघड, त्या 'आपल्या'त तुम्ही त्या पोरालाही ओढता. संचालकांसमोर आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात, पहिली गाडी लागायच्या आत, चार वाक्यं पुरेत: "पंधरापर्यंत माल घ्या असं मी सांगितलं होतं. बैठकीत विचारलं तेव्हा मी गप्प बसले. मी चुकले. कापलेले पैसे परत येतायत." पाचवं वाक्य 'पण'नं सुरू होणार असेल तर गिळून टाका. रडू आलं तर थोडं थांबून मग बोला. बाया तुमचे डोळे पुसायला धावतील आणि तो मुलगा पुन्हा कोपऱ्यात राहील.

यानं सगळं सुरळीत होईल असं मी म्हणत नाही. अध्यक्ष चिडतील, कदाचित वर्षभर तुमच्या प्रत्येक व्हाउचरवर शंका घेतील. नोकरीवर येईल का? चार वर्षं नफ्यात चालवलेलं केंद्र एका गाडीसाठी कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही, असा माझा अंदाज. अंदाजच तो. त्या मुलाच्या वागण्यात दोन-चार महिने काही फरक पडणार नाही, तो सही मागत राहील. मागू द्या.

आता शालीकडे येते. त्याआधी एक घरची गोष्ट.

मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली सात एका खेड्यातल्या शाखेत शाखाधिकारी म्हणून. आमचा शिपाई मे महिन्यात आठ वाजता येऊन माठ भरून ठेवायचा, आणि वसुलीच्या दिवसांत माझ्याबरोबर गावोगाव फिरायचा. कोणाच्या घरी आज साखरपुडा आहे म्हणून जायचं नाही, कोणाचा बैल मेलाय म्हणून तोंड उघडायचं नाही, कोण कापसाचा चुकारा घेऊन परवाच आलाय, सगळं त्याला ठाऊक. एका वर्षी आमची वसुली विभागात पहिली आली. वरचे साहेब आले, मला हार घातला. मी दोन शब्द बोलले: "हे आमच्या टीमचं यश आहे." तो मागे चहाचा ट्रे धरून उभा होता. पुढे तो निवृत्त झाला तेव्हा मी पदरचे पैसे घालून चांगलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. तो म्हणाला, "बाई, घड्याळ तं घरी हाये. त्या दिसी सायबापुढं माहं नाव घेतलं असतं तं लय झालं असतं." घड्याळ त्यानं नेलं. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. "मी चुकले" तेव्हा मलाही म्हणता आलं नाही, म्हणून तुम्हाला इतक्या खात्रीनं सांगते आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदशेकणी करतात. बैलाला नाल्यावर धुवायचं, जू जिथे घासतं त्या खांद्याला हळद आणि लोणी-तूप चोळून शेक द्यायचा, आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." झूल, बाशिंग, शिंगांचं बेगड, तोरणाखालून मिरवणं, हे सगळं दुसऱ्या दिवशी. माणसाला बैलाची उपमा देणं मला आवडत नाही. एक दिवस खांदा शेकला म्हणून बाकीचे दिवस पिटाळायला मोकळे, अशी सोयही त्या सणात बघणाऱ्याला दिसते. पण ज्यानं ही रीत घातली त्यानं क्रम बरोबर लावला होता. जू नेमकं कुठे घासतं हे माहीत असलेल्या माणसानंच झूल घालावी.

तुमच्या केंद्रावर कोणाचा खांदा कुठे सोलवटलाय, हे तुम्ही पत्रात नकळत लिहून ठेवलंय. हिशेबाच्या मुलीची शेवटची एसटी सहाची आहे आणि हंगामात तिला आठ वाजतात. मग भाऊ गाडी घेऊन येतो आणि घरी रोज तिला बोलणी बसतात. तिचं कौतुक करायचं तर साडेपाचला हिशेब थांबवा, उरलेला सकाळी. हमालांचं काम पोत्यांच्या मोजणीवर, आणि ती मोजणी चार दिवसांनी होते तेव्हा आकड्यावरून कटकट होते. रोज संध्याकाळी टोळीच्या मुकादमासमोर मोजा आणि दोघांची सही घ्या. निवडणाऱ्या पाच बायांची हजेरी रजिस्टरात 'बाया – ५' अशी लागते. हे वाचून मी थबकले. त्यांची नावं लिहा. पूर्ण नावं, आडनावासकट. याला एक रुपया लागत नाही, आणि असली गोष्ट बायांच्या किती लक्षात येते ते तुम्हाला आठवडाभरात कळेल. त्या मुलाचं स्वतःचं सोयाबीन ज्या दिवसांत काढणीला येतं, नेमक्या त्याच दिवसांत तुमचं केंद्र भरतं. त्याला चार दिवसांची पगारी रजा आधीपासून ठरवून द्या, आयत्या वेळी हात जोडायला लावू नका.

आणि बोलून कौतुक? तेही हवंच. पण आपल्या बोलीत घरच्या माणसाला कोणी धन्यवाद म्हणत नाही. धन्यवाद आला की आभारप्रदर्शन आलं, आणि आभारप्रदर्शन म्हणजे लोक चपला शोधायला लागतात ती वेळ. तुम्ही "थँक्यू, थँक्यू" म्हणत फिरलात तर हमाल आपसात हसतील. आपल्याकडे असं म्हणतात: "बरं झालं तू पाहिलंस." "तू होतास म्हणून गाडी वेळेत गेली." यात काय पाहिलं, काय वेळेत गेलं, हे नाव घेऊन सांगावं लागतं, म्हणून आधी आपल्याला ते दिसावं लागतं. त्याच दिवशी म्हणा. महिन्यानं म्हटलेलं कौतुक हिशेबातल्या मागील बाकीसारखं वाटतं. आणि अशी एखादी गोष्ट संचालकांच्या बैठकीत, तो माणूस हजर नसताना, नावानिशी सांगा. ती त्याच्यापर्यंत पोचतेच, आणि तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा जास्त गोड लागते.

'उत्कृष्ट कर्मचारी' सोडून द्या. एकाची थप्पी दुसऱ्याच्या पाठीवरून जाते, अशा टोळीच्या कामात एकाला वर काढलं की नऊ जण खाली बसतात. माझ्या कपाटात अकरा शाली आहेत. त्यातली एकही कोणी कशासाठी दिली ते मला सांगता येणार नाही.

एक भीती मला तुमच्याबद्दल वाटते. आपली चूक सांगून मोकळं झाल्यावर काही माणसं इतकी मऊ होतात की दुसऱ्याची चूक दिसली तरी बोलत नाहीत. तसं होऊ देऊ नका. काटेवाल्याचा काटा चुकला तर त्याला त्याच दिवशी, एकट्याला बोलावून विचारा. "तुम्ही लोक" असं अनेकवचन वापरू नका. आणि रजिस्टरात एक रकाना वाढवा: 'कोणाच्या सांगण्यावरून'. नियमाबाहेर माल घ्यायला लावणाऱ्यानं तिथे स्वतः सही करायची, मग तुम्ही असा, अध्यक्ष असोत, की अध्यक्षांचा साळा. आज तो मुलगा भीतीपोटी जी सही मागतो, ती केंद्राची रीत होऊन जाईल आणि त्याला एकट्याला वाईट व्हावं लागणार नाही. प्रत्येक गाडीतली पसाभर वानगी पिशवीत, तारीख-नाव टाकून, कारखान्याचे पैसे येईपर्यंत जपून ठेवा. पुढच्या वेळी "कोणी घेतला?" असा प्रश्न निघाला तर माणसाच्या आधी पिशवी बोलेल.

याच धर्तीची आणखी दोन पत्रं माझ्याकडे आली आहेत, एक मुख्याध्यापकांचं आणि एक आरोग्य केंद्रातल्या वरिष्ठ सिस्टरचं. त्यांना वेगळं उत्तर देत नाही. सर, सिस्टर, तुमच्याकडे संचालक मंडळ नाही, पण ज्या खोलीत दुसऱ्यावर दोष गेला ती खोली तुमच्याकडेही आहे. दोष जितक्या लोकांसमोर दिला, तितक्याच लोकांसमोर परत घ्यावा लागतो. केबिनमध्ये बोलावून हळूच "तुझी चूक नव्हती" म्हणणं पुरत नाही. सिस्टर, तुमच्या बाबतीत मात्र प्रकरण रुग्णाच्या जिवाशी आहे. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा, बाकीचं मग.

ताई, २६ जानेवारीला अजून तीन आठवडे आहेत, आणि संचालकांची बैठक दहा तारखेला असते असं तुम्हीच लिहिलंय. शालींची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. दिली असेल तर दुकानदाराशी भांडू नका, आणून ठेवा. जानेवारीत सकाळी सातला शेडमध्ये चांगलीच हुडहुडी भरते. निवडणाऱ्या बायांना त्या पांघरायला द्या, स्टेजविना, माइकविना, एखाद्या मंगळवारी. त्या मुलाला नको. त्याचे आधी पाच हजार.